संकटकाळची पायवाट : नकाशावरून आखणी व पायांनी पडताळणी



भूगोलाच्या अध्यापनाचा आरंभ शाळेच्या परिसरापासून करावा, हे तत्त्व प्राथमिक शिक्षकास नवे नाही. आधी वर्गाचा आराखडा, मग शाळेचा, त्यानंतर गावाचा आणि शेवटी तालुक्याचा व जिल्ह्याचा नकाशा, असा क्रम शिक्षक वर्षानुवर्षे शिकवीत आले आहेत. आजच्या भाषणाचा विषय हा या परिचित पाठाचाच पुढचा भाग आहे. पूर, दरड, भूकंप किंवा आग यांपैकी एखादे संकट शाळेच्या वेळात ओढवले, तर मुलांना पायी कोणत्या वाटेने, किती वेळात व कोठे न्यावयाचे, याची आखणी आंतरजालावरील नकाशांच्या साहाय्याने कशी करावी आणि ती आखणी खरी ठरेल की नाही हे आधीच कसे पडताळून पाहावे, हा तो विषय होय.

येथे ‘पायी’ हा शब्द हेतुपुरस्सर योजिला आहे. संकटाच्या वेळी वाहन मिळेल, या भरवशावर खेड्यातील शाळेची योजना आखता येत नाही. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली जातो, घाटात दरड येऊन रस्ता बंद होतो, झाड आडवे पडते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीस निघालेल्या पथकांनाही डोंगर पायीच चढावा लागला. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. जेथे मदत आत येण्यास पायांवाचून साधन नाही, तेथे मुलांना बाहेर पडण्यासही दुसरे साधन नसते.

पूर्वी गावाचा तपशीलवार नकाशा पाहावयाचा तर तलाठ्याच्या दप्तराकडे किंवा सर्वेक्षण विभागाच्या कार्यालयाकडे जावे लागे. आज बहुतेक शिक्षकांच्या खिशातील मोबाइलमध्ये गूगलचा नकाशा आहे. जगभरातील स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ आहे. इस्रोचा ‘भुवन’ आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलदर्शक पत्रेही आंतरजालावरून उतरवून घेता येतात. साधन इतके सुलभ झाले आहे की, त्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्नच मनात येईनासा झाला आहे. आणि संकटकाळी मुलांचे प्राण नेमके याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. हे पटण्यासाठी जपानमधील दोन शाळांची हकीकत लक्षपूर्वक पाहणे उपयुक्त ठरेल.

कामाइशीची मुले

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर इवाते प्रांतात कामाइशी नावाचे शहर आहे. त्या शहराच्या उनोसुमाई या भागात एक प्राथमिक शाळा व तिच्या शेजारीच एक माध्यमिक शाळा होती. दोन्ही मिळून सुमारे ५७० मुले शिकत होती. त्या किनाऱ्याने १८९६ व १९३३ साली त्सुनामीच्या प्रचंड लाटा अनुभवल्या होत्या. त्या पूर्वानुभवाच्या आधारे नगरपालिकेने धोक्याचा नकाशा तयार केला होता. पाणी कोठवर येईल हे त्यावर रंगाने दाखविले होते. या दोन्ही शाळा त्या रंगाच्या बाहेर होत्या. म्हणजे नकाशाच्या दृष्टीने त्या सुरक्षित होत्या.

गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका काटादा हे २००४ पासून त्या शहरातील शाळांमध्ये संकटनिवारणाचे शिक्षण देण्याच्या कामी साहाय्य करीत होते. त्यांनी मुलांकडून घर ते शाळा या वाटेचे नकाशे काढून घेतले व त्या वाटेवर कोठे असता कोणत्या उंचवट्यावर जावयाचे, हे मुलांनाच शोधावयास लावले. त्याबरोबरच त्यांनी तीन गोष्टी मुलांच्या मनावर बिंबविल्या. पहिली, आधी बांधलेल्या अंदाजावर विसंबू नये; दुसरी, त्या प्रसंगी जे जे शक्य आहे ते सर्व करावे; आणि तिसरी, इतरांची वाट न पाहता आपण स्वतः प्रथम निघावे. नकाशा हातात देऊन पुन्हा ‘यावर विसंबू नका’ असे सांगणे वरकरणी विसंगत वाटते. पण पुढे जे घडले त्यावरून त्याचा अर्थ उलगडतो.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. वीज गेली, माध्यमिक शाळेत ध्वनिक्षेपकावरून सूचना देता येईना. परंतु सूचनेची वाट न पाहता मुले मैदानावर जमली आणि धावत सुटली. प्राथमिक शाळेतील मुलांना प्रथम इमारतीच्या वरच्या मजल्यावर नेले जात होते. शेजारच्या शाळेतील मोठी मुले धावताना दिसताच तीही खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. सरावात ठरविलेले ठिकाण म्हणजे सुमारे पाऊण किलोमीटरवरील वृद्धांसाठीचे एक निवासगृह होते. सगळी मुले तेथे सुखरूप पोहोचली. योजनेप्रमाणे पाहिले तर काम येथेच संपले होते.

तथापि त्या निवासगृहामागच्या कड्याची दरड ढासळू लागली आहे, असे लोकांच्या ध्यानात आले. हा कडा पूर्वी असा कधी ढासळला नव्हता, हे तेथील एका वृद्धेनेही निदर्शनास आणले. तेव्हा मुले व शिक्षक तेथे न थांबता आणखी सुमारे अर्धा किलोमीटर वर असलेल्या दुसऱ्या एका निवासगृहाकडे निघाले. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले. वाटेत भेटलेल्या बालवाडीतील मुलांच्या ढकलगाड्याही त्यांनी ढकलल्या. दुसऱ्या ठिकाणी पोहोचतात न पोहोचतात तोच पाणी गावात शिरताना दिसले. मुले तेथूनही वर, खिंडीकडे चढली. दोन्ही शाळांच्या इमारती पाण्याखाली गेल्या आणि पहिले ठरविलेले ठिकाणही लाटेने गाठले.

त्या दिवशी कामाइशी शहरात हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. प्राथमिक व माध्यमिक शाळांत शिकणारी मुले सुमारे तीन हजार होती. त्यांपैकी शाळेच्या देखरेखीबाहेर असलेली पाच मुले दगावली. बाकीची सर्व वाचली. वृत्तपत्रांनी यास चमत्कार म्हटले. तेथील कित्येकांना हा शब्द रुचला नाही आणि ते योग्यच होय. चमत्कारास पूर्वतयारी लागत नाही. येथे सात वर्षांचे अध्यापन झाले होते.

त्याच उनोसुमाई भागातील दुसरी एक घटनाही शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. तेथे संकटनिवारण केंद्र या नावाची एक इमारत होती. त्सुनामीच्या वेळी आश्रयाचे ठिकाण म्हणून ती निश्चित केलेली नव्हती. खरे ठिकाण दूर व उंचावर होते. वृद्धांना तेथवर चालत जाणे कठीण पडते म्हणून सरावापुरते या जवळच्या इमारतीत जमण्याचा परिपाठ पडला होता. प्रत्यक्ष संकटात लोक सरावातल्या सवयीने तेथेच गेले आणि दीडशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. सोयीसाठी केलेला खोटा सराव हा सराव न करण्याहून घातक ठरू शकतो, हे यावरून दिसते.

ओकावा शाळेतील पन्नास मिनिटे

त्याच दिवशी मियागी प्रांतातील इशिनोमाकी शहराच्या हद्दीत ओकावा येथील प्राथमिक शाळेतील ७४ मुले व १० शिक्षक मृत्यू पावले किंवा बेपत्ता झाले. ही शाळा नदीच्या मुखापासून सुमारे ४ किलोमीटर आत होती. तीही धोक्याच्या नकाशातील रंगाच्या बाहेर होती. भूकंप आणि लाट यांमध्ये सुमारे पन्नास मिनिटांचा अवधी होता. शाळेमागेच डोंगर होता. अळंबी लावण्याच्या निमित्ताने मुले पूर्वी त्यावर गेलेली होती. परंतु जावयाचे कोठे आणि कोणत्या वाटेने, हे आधी निश्चित झालेले नव्हते. शाळेच्या लेखी योजनेत जवळपासची मोकळी जागा किंवा बाग एवढाच मोघम उल्लेख होता. मैदानावर मुले उभी राहिली, चर्चा चालू राहिली आणि अखेर नदीवरील पुलाजवळच्या किंचित उंच जागेकडे सर्व निघाले. त्या वाटेवरच पाण्याने त्यांना गाठले.

त्या शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. तेही मुलांबरोबरच गेले. पालकांनी लावलेल्या दाव्यात २०१८ साली सेंदाई येथील उच्च न्यायालयाने निर्णय दिला व २०१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्यातील मुख्य मुद्दा असा की, खरी चूक त्या पन्नास मिनिटांतील नव्हती. ठिकाण व वाट आधीच निश्चित करून न ठेवणे, ही शाळेची व शिक्षणखात्याची चूक होती. प्राण वाचविणारा निर्णय संकटाच्या दिवशी प्रथमच घ्यावयाचा नसतो. तो आधी घेऊन ठेवावयाचा असतो.

दोन्ही ठिकाणी नकाशाने शाळा सुरक्षित आहे असे सांगितले. दोन्ही ठिकाणी नकाशा चुकला. एका ठिकाणी मुलांनी वाट पायांखाली घातलेली होती आणि नकाशापलीकडे जाण्याची शिकवण त्यांना मिळालेली होती. दुसऱ्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी नव्हत्या. नकाशाचा उपयोग करावा. पण नकाशा हा योजनेचा आरंभ आहे, शेवट नव्हे, हा या हकीकतीचा बोध होय.

आंतरजालावरील नकाशाची रीत व मर्यादा

हे साधन कोठे चुकते हे समजण्यासाठी ते काम कसे करते हे पाहावे लागेल. मोबाइलमध्ये दोन ठिकाणांची नावे घालून पायी जाण्याचा मार्ग विचारला असता तो क्षणार्धात दाखविला जातो. नकाशात प्रत्येक तिठा किंवा चौक हा एक बिंदू व दोन बिंदूंमधील रस्ता ही एक रेषा म्हणून नोंदलेली असते. प्रत्येक रेषेची लांबी ठाऊक असते. या जाळ्यातून सर्वांत कमी अंतराचा किंवा कमी वेळाचा मार्ग निवडणे हा गणिताचा प्रश्न आहे. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली त्याची सोपी व अचूक रीत प्रसिद्ध केली. आजचे नकाशे त्या रीतीचीच सुधारलेली रूपे वापरतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, जी वाट जाळ्यात नोंदलेली नाही ती नकाशाच्या लेखी अस्तित्वातच नाही. शेताच्या बांधावरून जाणारी, देवळामागून टेकडीवर चढणारी, गुराख्यांच्या नित्य वहिवाटीची पायवाट नकाशात बहुधा नसते. दुसरी, जी वाट नोंदलेली आहे ती आज चालण्याजोगी आहे की नाही, हे त्या गणितास ठाऊक नसते. ओढ्यावरची फरशी दोन हात पाण्याखाली असली, तरी ती वाट जवळची असल्यास नकाशा तीच दाखवील. तो खोटे बोलत नाही. त्याला पाऊस माहीत नाही, एवढेच.

उंचीच्या बाबतीतही असेच आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एका अंतराळयानाने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची रडारच्या साहाय्याने मोजली. त्या व तशाच इतर मापनांच्या आधारे आंतरजालावरील अनेक नकाशे उंची सांगतात. त्यात जमिनीचे सुमारे ३० मीटर लांबीरुंदीचे चौकोन कल्पून प्रत्येकास एकच उंची दिलेली असते. शाळेची इमारत, तिच्या मागचा ओघळ आणि पलीकडचा बांध ही सर्व एकाच चौकोनात सामावू शकतात. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. शंभर मीटर लांबीचे क्रीडांगण त्यावर २ मिलिमीटरचे होते. त्या पत्रावरील समोच्चरेषा सामान्यतः २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. म्हणून १५ मीटरांचा तुटलेला कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशेही याच प्रमाणावर आहेत. गाव धोक्याच्या पट्ट्यात आहे की नाही हे त्यांवरून कळते; शाळेमागच्या उतारावर आपटेल तो दगड कोणता, हे कळत नाही.

उपग्रहावरून घेतलेली छायाचित्रे आकाश निरभ्र असताना घेतलेली असतात. साहजिकच त्यांत दिसणारा ओढा बहुधा कोरडा असतो. त्याच ओढ्याचे जुलैमधील रूप गावातील प्रत्येकास ठाऊक असते, नकाशास नसते.

आखणीची पद्धती

हे सर्व लक्षात घेऊन शिक्षकाने पुढील क्रमाने काम करावे. हे काम चौथी-पाचवीच्या वर्गाचा भूगोलाचा उपक्रम म्हणून करता येते. त्यासाठी वेगळा तास काढण्याची आवश्यकता नाही.

प्रथम मोबाइल बाजूस ठेवून मुलांकडून गावाचा आराखडा स्मरणाने काढून घ्यावा. ओढे, ओहोळ, फरशा, विहिरी, विजेचे रोहित्र, पडक्या भिंती, उतारावरचे मोठे दगड आणि सर्व पायवाटा मुलांनी दाखवाव्यात. त्यानंतरच आंतरजालावरील नकाशा उघडून दोहोंची तुलना करावी. मुलांच्या आराखड्यात असलेल्या पण नकाशात नसलेल्या वाटा लाल रंगाने, तर नकाशात असलेल्या पण मुलांना ठाऊक नसलेल्या वाटा निळ्या रंगाने दाखवाव्यात. या दोन रंगांवरूनच पुढचे बरेचसे काम सुचते.

दुसरी पायरी धोक्याच्या जागा निश्चित करण्याची. नदीकाठच्या गावांत पाटबंधारे खात्याने आखलेली निळी व लाल पूररेषा विचारून घ्यावी. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची व लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. याबरोबर गावातील वृद्धांकडे जावे. कोणत्या वर्षी पाणी कोणाच्या ओट्यास लागले, कोणत्या उतारावर माती सरकली, कोणता झरा पावसाळ्यात अकस्मात फुटतो, ही माहिती कोणत्याही नकाशापेक्षा बारीक असते. कामाइशीतही कड्याकडे बोट दाखविणारी एक वृद्धाच होती.

तिसरी पायरी ठिकाण निवडण्याची. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. ठिकाण असे असावे की, तेथून आणखी वर किंवा दूर जाण्यास वाट असेल. जेथे पोहोचल्यावर पुढे जाता येत नाही, अशी जागा कितीही जवळ व सोयीची असली तरी ती टाळावी. कामाइशीची मुले वाचली, कारण पहिल्या ठिकाणापलीकडे दुसरे व दुसऱ्यापलीकडे खिंड होती. शक्यतो परस्परविरुद्ध दिशांची दोन ठिकाणे ठरवावीत. कारण पुरात उंचावर जावयाचे असते, तर दरडीच्या भयाने उतारापासून दूर व बाजूस सरावयाचे असते. ओघळाच्या किंवा नाळेच्या मार्गातून खाली धावणे दरडीच्या वेळी सर्वांत धोक्याचे होय. वाट कोणतीही असो, ती वाहत्या पाण्यातून जाता कामा नये. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणीही प्रौढ माणसाचे पाय उखडू शकते. पहिलीच्या मुलाची गोष्ट बोलावयासच नको.

चौथी पायरी वेळ काढण्याची. नकाशा जो वेळ सांगतो तो ताशी सुमारे ५ किलोमीटर चालणाऱ्या धडधाकट प्रौढाचा असतो. चढाचा हिशेब करण्यासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक साधा नियम सांगितला. मेट्रिक मापात तो असा मांडतात : प्रत्येक ५ किलोमीटर अंतरास एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढास आणखी एक तास. समजा, ठिकाण ९०० मीटर दूर व शाळेपेक्षा ६० मीटर उंच आहे. अंतरास सुमारे ११ मिनिटे व चढास ६ मिनिटे, एकूण १७ मिनिटे होतात. पाचवीच्या वर्गाला हे उदाहरण गणितात घालता येईल. परंतु हा वेळ एकट्या प्रौढाचा आहे. शंभर मुलांची रांग अरुंद बांधावरून एकामागे एक जाते, कोणाची चप्पल तुटते, कोणी रडू लागते. म्हणून खरा वेळ कागदावर काढता येत नाही. तो चालूनच मोजावा लागतो.

पायांनी पडताळणी

पाचवी पायरी हीच आणि सर्वांत महत्त्वाची. शिक्षकांनी प्रथम स्वतः व मग मुलांसह ती वाट चालून पाहावी. वेळ मोजताना पहिले मूल केव्हा पोहोचले हे नोंदू नये. शेवटचे मूल केव्हा पोहोचले हे नोंदावे. शाळेची क्षमता त्या शेवटच्या मुलाच्या पावलांनी मोजली जाते. चालताना अडचण असलेले मूल असल्यास त्याला कोणी व कसे न्यावयाचे, हे नावानिशी ठरवावे आणि तेही प्रत्यक्ष नेऊन पाहावे. अंगणवाडी शाळेच्या आवारात असल्यास तिची मुले हिशेबात धरावीत.

एकदा उन्हाळ्यात चालून भागत नाही. जुलैमध्ये, रिमझिम चालू असताना, वरिष्ठांना व पालकांना कळवून आणि वाट निर्धोक असल्याची खात्री करून पुन्हा चालावे. मे महिन्यातील बांध जुलैत निसरडा असतो. गवत वाढून वाट दिसेनाशी होते. कुंपणाला नवे काटेरी तार लागलेले असते. ज्याच्या शेतातून वाट जाते त्या शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवावे. संकटाच्या दिवशी झाप बांधून बंद केलेल्या वाटेशी हुज्जत घालण्यास अवसर नसतो.

चालून झाल्यावर नकाशा दुरुस्त करावा. ‘ओपनस्ट्रीटमॅप’मध्ये कोणालाही नाव नोंदवून नवी वाट, फरशी किंवा झरा दाखविता येतो. शाळेने नोंदविलेली ही पायवाट पुढे मदत-पथकांनाही उपयोगी पडते. २०१० साली हैती देशात भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रह-छायाचित्रांवरून तेथील रस्ते याच नकाशात भरले व मदत करणाऱ्यांनी त्यांचा उपयोग केला. गावची वाट गावच्या शाळेने संकटापूर्वीच नोंदविली, तर ते अधिक बरे.

त्यानंतर नकाशा कागदावर उतरवावा. वीज व मोबाइलची सेवा संकटात प्रथम खंडित होते. काही नकाशे आधी उतरवून ठेवता येतात. परंतु तसे केल्यावर त्यांत पायी जाण्याचा मार्ग दाखविला जातोच असे नाही. म्हणून हाताने काढलेला मोठा नकाशा प्रत्येक वर्गात लावावा. त्यावर उत्तर दिशा, ठिकाणे, शेवटच्या मुलास लागलेला वेळ आणि तो वेळ मोजल्याची तारीख लिहावी. तारीख नसलेला नकाशा जुना झाल्याचे कोणास कळत नाही.

सराव व पालक

सराव दर सत्रात करावा आणि तो प्रत्येक वेळी एकसारखा करू नये. एका सरावात ठरलेल्या वाटेवर एखाद्या शिक्षकास लाल फडके घेऊन उभे करावे व वाट बंद झाली आहे असे समजावे. मुलांच्या रांगेपुढे असलेल्या सातवीच्या विद्यार्थ्यास आता कोठे वळावयाचे, हे स्वतः ठरवू द्यावे. दुसऱ्या सरावात घंटा किंवा ध्वनिक्षेपक वापरू नये. वीज गेली असे समजून तोंडी निरोपावर काम करावे. तिसऱ्यात मुख्याध्यापक गावी नाहीत असे धरावे. नेहमीच सुरळीत पार पडणारा सराव मुलांना आज्ञापालन शिकवितो. अडथळ्याचा सराव विचार करावयास शिकवितो. सोयीसाठी जवळचे ठिकाण निवडून अहवाल पूर्ण करण्याचा मोह आवरावा, हे उनोसुमाईच्या त्या इमारतीवरून सांगितलेच आहे.

पालकसभेत ही योजना समजावून सांगणे तितकेच आवश्यक आहे. पूर किंवा दरड यांची वार्ता येताच आईबाप मुलास घेण्यासाठी शाळेकडे धाव घेतात. त्यांची माया समजण्याजोगी आहे. पण त्या धावपळीत मूल आणि पालक दोघेही धोक्याच्या वाटेवर सापडतात. जपानच्या त्या किनाऱ्यावर ‘तेंदेंको’ ही शिकवण प्रचलित आहे. प्रत्येकाने आपापल्या परीने उंचावर निघावे, एकमेकांच्या शोधात वेळ घालवू नये, असा तिचा आशय आहे. वरवर हे निष्ठुर वाटेल. परंतु आपले मूल निश्चित निघाले असेल असा विश्वास पालकास वाटला, तरच तो त्याच्या शोधार्थ पाण्यात शिरणार नाही. आणि आपले आईबापही निघाले असतील असा विश्वास मुलास वाटला, तरच ते मागे वळणार नाही. हा विश्वास सभेत सांगून उत्पन्न होत नाही. पालकांनी एकदा मुलांबरोबर ती वाट चालली म्हणजे तो आपोआप येतो. म्हणून वर्षातून एक सराव पालकांसह करावा.

या सर्व कामास खर्च जवळजवळ लागत नाही. एक मोबाइल, मोठे कागद, रंगीत खडू, घड्याळ आणि शिक्षकाचे व मुलांचे पाय एवढेच साहित्य पुरते. काम मात्र एकदा करून दप्तरात ठेवण्याचे नाही. दर वर्षी जूनमध्ये नवी मुले पहिलीत येतात, जुनी मुले शाळा सोडून जातात, ओढा आपला काठ खातो, कोठे नवे कुंपण उभे राहते. म्हणून दर वर्षी ती वाट नव्याने चालावी लागते. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेने निदान एकदा शेवटच्या मुलाचा वेळ मोजून तो वर्गातील नकाशावर तारखेसह लिहावा, अशी अपेक्षा आहे. तेवढे झाले तरी आजच्या भाषणाचा हेतू सफल होईल.